आठ कव्हरं, सात संच

मी पत्रकं लिहायचे. पत्रकात भीतीला जागा नसते. "आम्ही घाबरणार नाही" हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत घातलं आणि ते घालताना एकदाही घाबरलेली नव्हते, त्यामुळे ते लिहिणं सोपं होतं. हे पत्रक नाही. यात मी घाबरलेली आहे, आणि ते लपवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो. चाळीतून नुकतेच बिल्डिंगमध्ये आलो होतो. मी कॉलेज संपवलं होतं आणि पाचसहा जणांच्या एका समितीत काम करत होते. मोबाइल तेव्हा काहींच्या हातात आले होते, माझ्या नव्हता. समितीची मागणी एकच होती: खाडीतून रेती उपसणारे सक्शन पंप बंद करा. पंप तळ ओरबाडतो, काठ खचतो, बांध फुटतो, खारं पाणी भातात शिरतं. दोन वर्षं भात गेलं की शेतकरी जमीन विकतो आणि तिथे बिल्डिंग उभी राहते. कुठल्या रेतीने? त्याच. आमच्या बिल्डिंगची रेती कुठली होती हा प्रश्न मला उशिरा सुचला आणि पत्रकात मी तो घातला नाही.

खाडीच्या एका वळणावर तीनच घरं होती. एक ख्रिस्ती कुटुंब, त्यांची घरची बोलीच वेगळी. एक देशावरचे निवृत्त मास्तर. आणि तिसरं घर काकीचं. काकी म्हणजे माझी नात्याने कोणी नाही. पिढ्यानपिढ्या खाडीकाठी भात लावणाऱ्या घरातली, साठीची, नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. तिच्या ओट्यावरून पंपाच्या होड्या स्पष्ट दिसायच्या आणि तिच्या घरात फोन होता. आम्हाला एवढंच हवं होतं.

तिला तयार करायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. तिचं म्हणणं होतं की सरकारला सांगायचं म्हणजे साऱ्या गावाला सांगायचं. मी तिला शब्द दिला की तुझं नाव कुठेही येणार नाही, कागदावर नाही, तोंडी नाही. आणि तो शब्द मी कार्यालयातून वसूलही केला. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. खाडीवर धाड घालायला त्यांच्याकडे एक पथक होतं, एक जीप होती आणि पूर-निवडणुकीसाठी मिळालेले बिनतारी संच होते. सगळे त्यांना सेट म्हणायचे. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मी भांडले: खबर देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, लिहायचं नाही, सेटवर बोलायचं नाही. साहेब हो म्हणाले. मी ते पत्रकात मोठ्या अक्षरात छापलं.

पद्धत अशी ठरली. पंप सुरू झाले की काकी फोन करणार. ती नेहमी एकच वाक्य बोलायची, "पानी ढवळतंय, बेगीन या," आणि फोन ठेवायची. तिच्या गावात पाण्याला पानीच म्हणतात आणि लवकरला बेगीन. तिथे ण कोणाच्या तोंडात नाही. फोन घेणारा ऑपरेटर टेबलावरच्या मोठ्या सेटवरून जीपला कळवणार. बस.

हा ऑपरेटर साताऱ्याकडचा, तिशीचा, नकला करण्यात पटाईत. साहेबांची चाल, शिपायाचं खोकणं, सगळं करून दाखवायचा. एकदा मी साहेबांची वाट बघत तिथे बसले असताना काकीचा फोन आला. त्याने ऐकून घेतला, सेटचं बटण दाबलं आणि जीपला निरोप दिला तो हुबेहूब काकीच्या आवाजात. "पानी ढवळतंय, बेगीन या." तो न असा काही लांबवला की सगळं ऑफिस हसलं. जीपमधलाही कोणीतरी हसलेला सेटवर ऐकू आला.

मीही हसले. नाव तर घेतलं नव्हतं ना.

पण जीप पहिल्यापासूनच रिकाम्या हाताने परत येत होती. एकदा, दोनदा, चारदा. पथक पोचावं तर पाइप वर ओढलेले, होड्यांवर ताडपत्री, माणसं पत्ते खेळतायत. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की समितीची खबर खोटी असते. मी भडकले. ऑफिसातलंच कोणीतरी फोडतंय याची मला खात्री होती. जीपच्या ड्रायव्हरवर माझा संशय होता. "खबर फोडणारा कोण?" या मथळ्याचं पत्रक मी लिहून तयार ठेवलं.

ते छापायच्या आधी काकी आमच्या घरी आली.

ती कधीच आमच्याकडे आली नव्हती. पत्ता एका जुन्या पत्रकावरून वाचून घेतला म्हणाली. एसटीने आली, तीन मजले चढली, आणि आईने पुढे केलेला तांब्या तिने हातात घेतला नाही. आई आत जाईपर्यंत गप्प बसली. मग सांगितलं ते असं. सकाळी ती अंगणात वाल सुकत घालत होती. मोटरसायकलवरून दोघं आले, पाणी मागितलं. तिने दिलं. एकाने प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काकी, पानी ढवळतंय, बेगीन या." आणि हसला. दुसरा हसला नाही. मग ते गेले.

"माझं बोलनं त्याच्या तोंडात कसा गेला, पोरी?" काकीने विचारलं. "मी ता फोनात बोललंय. दुसऱ्या कोनाला नाय."

माझे हात गार पडले. हा वाक्प्रचार मी पत्रकांत वापरलेला आहे. खरोखर पडतात ते मला त्या दिवशी कळलं. ते वाक्य कुठून गेलं ते मला बसल्या जागी कळलं होतं. त्यांना नाव लागलंच नव्हतं. वळणावर तीन घरं, आणि त्यांतलं एकच घर पानी म्हणणारं.

काकीला मी एवढंच म्हणाले की मी बघते. ती उठली. पाणी न पिताच खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले ती ऑपरेटरला फाडून खायच्या तयारीने. त्याला गॅलरीत बोलावलं आणि विचारलं की किती दिवस रेतीवाल्यांच्या पदरी आहेस. तो पांढरा पडला. आईची शपथ घेतली. "ताई, मी बाहेर कोणाशी बोलत नाही. मी फक्त सेटवर बोलतो. सेटवर आपलीच माणसं असतात."

सेट किती आहेत, मी विचारलं. आठ, तो म्हणाला. कोणाकोणाकडे? तो बोटांवर मोजू लागला आणि सातव्या बोटावर थांबला. पुन्हा मोजलं. पुन्हा सात. आठवा भांडारात असेल, तो म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही.

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथले भाऊसाहेब वर्षभरात निवृत्त होणार होते. माझ्याशी ते नेहमी सभ्यपणे वागायचे. पत्रकं वाचून त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायचे. मी आठव्या संचाचं विचारल्यावर त्यांनी मुकाट्याने कपाट उघडलं. त्या दिवशी जीप गॅरेजला होती, म्हणून सगळे संच जागेवर होते. खिळ्यांना ओळीने चामडी कव्हरं लटकत होती, प्रत्येक कव्हर फुगलेलं, बटण लावलेलं.

"मोजा," भाऊसाहेब म्हणाले.

आठ होती. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कोणास ठाऊक का, मी एकेक कव्हर दाबत गेले. सात टणक लागली. आठवं मऊ. बटण काढलं. आत फळा पुसायचा डस्टर होता. निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी शाळेतून आणलेला, त्याला अजून खडू लागलेला.

भाऊसाहेबांनी खोलीचं दार लोटलं आणि स्टुलावर बसले. दोन वर्षं झाली, म्हणाले. निवडणुकीच्या कामाला आठ संच गेले, सात परत आले. त्यांनी टिपण लिहिलं होतं, त्यात चोरी हा शब्द होता. तेव्हाच्या वरिष्ठांनी टिपण परत केलं: चोरी लिहिलंत तर पोलिसांत जावं लागेल, गहाळ लिहा. गहाळ लिहिलं तर जबाबदारी निश्चित करावी लागेल, म्हणून तेही आता नको, मिळेलच कुठेतरी. दरवर्षी साठा तपासायला वरून माणसं येतात. ती कपाटासमोर उभी राहतात, कव्हरं मोजतात, आठ, आणि सही करतात. बटण काढायची पद्धत नाही.

"चार्जर?" मी विचारलं.

"तोही एक कमी आहे."

हरवलेली वस्तू जाताना आपला चार्जर घेऊन जात नाही. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. डस्टर त्यांनीच घातला होता. मी त्यांना वाटेल ते बोलले असते, पण त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघं जण एकाच गोष्टीला घाबरून बसलो होतो. दोन वर्षं कोणीतरी ऐकत होतं. पूर आला तेव्हा कुठल्या बांधावर माणसं नाहीत ते. नंतरच्या निवडणुकीत पेट्यांची गाडी कुठल्या रस्त्याने निघाली ते. जीप कधी सुटली, कुठे पोचली. आणि आता, पानीतला न लांबवून, सगळ्यांना हसवून, काकी कुठे राहते ते.

मी साहेबांकडे गेले. मागणी साधी होती: सगळ्या सेटांचं चॅनल बदला. म्हणजे बाहेर गेलेला संच मुका होईल. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की चॅनल बदलायला सगळे संच मुख्य कार्यालयात पाठवावे लागतात, आणि आठ पाठवायचे तर आठ पाहिजेत. सात का, हे लिहावं लागेल. ते लिहायला कारण पाहिजे. तुम्ही लेखी तक्रार द्या, मॅडम, म्हणाले. कोणाला धमकी आली, नाव, पत्ता, सही. मग मला पुढे जाता येईल.

नाव, पत्ता, सही. ज्या टेबलासमोर मी भांडून नाव वाचवलं होतं, त्याच टेबलावर.

त्यांना हरवलेल्या यंत्राची भीती नव्हती, त्या नोंदीची होती. हे वाक्य तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, पत्रकासारखं तयार. मी ते छापू शकले असते. "सरकारचा संच रेतीचोरांच्या हाती." हजार प्रती, स्टेशनवर वाटप. पण ते छापल्यावर त्या दोघांना कळलं असतं की हे आम्हाला कोणी सांगितलं, आणि त्यांना घर माहीत होतं. ज्याच्याविरुद्ध ओरडायचं तोच ऐकत बसलाय अशा वेळी काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते चॅनल पुढे बदललं की नाही, मला आजही माहीत नाही.

काकीला मी सगळं खरं सांगितलं. संच, डस्टर, नक्कल. मी हसले तेही. ती वाल निवडत होती. मग म्हणाली, "माझ्या तोंडचं गेला ना? मंग आता दुसऱ्याच्या तोंडून जाव दे. मी त्यांच्या डोळ्यांम्होरं असताना."

तिचा बेत मला दोनदा ऐकावा लागला. ओहोटीला पंप सुरू झाले की ती बांधावर गवत कापायला जाणार, अगदी त्यांच्या समोर, हातात विळा, जवळ फोन नाही. त्याच वेळी कोणीतरी लांबून फोन करायचा, तिच्या बोलीत, तेच वाक्य. त्यांच्या सेटवर ती ऐकू येणार आणि डोळ्यांना ती गवत कापताना दिसणार. एक माणूस दोन ठिकाणी नसतो.

कोणीतरी म्हणजे मी. दुसरं कोण होतं?

ओट्यावर बसवून तिने मला शिकवलं. माझ्या तोंडून ण जाता जाईना. पाणी. पानी म्हण. पाणी. "शाळंत शिकलीस ना, ता जरा इसर," ती म्हणाली. मी हळू बोलले की ण यायचा, जोरात बोलले की बेगीनमधला न उगाच जड व्हायचा. ती हसत होती. मला तिच्या हसण्याचीही भीती वाटत होती, कारण समोर खाडीत होड्या होत्या आणि वारा त्यांच्या दिशेने होता.

दोन दिवसांनी, सकाळी साडेदहाला, मी आचोळ्याच्या एका पीसीओत उभी होते. काचेचं खोपटं, आत उकाडा. काकी दहाला बांधावर जाणार होती. नंबर फिरवताना माझ्या लक्षात आलं की एका गोष्टीचा विचार आम्ही केलाच नव्हता. ऑपरेटर. मी त्याला गॅलरीत झापलं होतं. तो आता नक्कल कशाला करेल? तो साध्या मराठीत "पंप सुरू आहेत" एवढंच जीपला सांगेल, आणि ते कोणी सांगितलं ते कोणालाच कळणार नाही. मग काकी विनाकारण त्या माणसांसमोर उभी. फोन ठेवावा असं वाटलं. तेवढ्यात त्याने उचलला.

"पानी ढवळतंय," मी म्हणाले. "बेगीन या."



"ताई?" तो अगदी हळू म्हणाला.

मी पुन्हा तेच म्हणाले, "पानी ढवळतंय, बेगीन या," आणि या वेळी माझा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा थरथरला, तो मी मुद्दाम केला नव्हता. फोन त्याने ठेवला नाही. रिसिव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग सेटच्या बटणाचा. आणि मग लांबून काकीच्या आवाजात, तो न लांबवून, एकेक शब्द सुटा करत त्याने ते वाक्य म्हटलं. दोनदा. या वेळी ऑफिसात कोणी हसलेलं मला ऐकू आलं नाही.

त्याला किती कळलं होतं? मी कधी विचारलं नाही.

खरं म्हणजे मी आचोळ्याहून घरी जायचं, असं ठरलं होतं. मला राहवेना. बस बदलून काकीच्या गावाला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. घराला कडी. अंगणात वाल नव्हते, गवताचा भारा नव्हता. होड्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या. मी ओट्यावर बसले, मग उभी राहिले, मग पुन्हा बसले. मास्तरांच्या घरातून कुकरची शिट्टी आली. एक क्षण वाटलं की मास्तरांना सांगावं, आणि लगेच वाटलं की त्यांनाही आपण यात ओढणार. ओढलंच होतं. वळणावरच्या तिन्ही घरांना.

काकी बांधावरून आली ती डोक्यावर भारा घेऊन, सावकाश. भारा टाकला, पदराने तोंड पुसलं आणि मग सांगितलं. त्यांतला तो एक, पाणी प्यायलेला, काठावर बसला होता, ते काळं यंत्र कानाशी. तिने त्याला दाखवून दाखवून गवत कापलं. मध्येच त्याने मान वर केली. यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा यंत्राकडे. ती विळा हातात घेऊन सरळ त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली की बाबा, पंप जरा पलीकडं घे, माझा बांध खचतो. त्याने होडीतल्या माणसाला हात केला आणि दोनच शब्द बोलला.

"काय?" मी विचारलं.

"ही नाय."

काकी मोकळी हसली. मलाही हसायचं होतं. पण मला ते दोन शब्द उलट्या बाजूने ऐकू आले. ही नाही, म्हणजे दुसरी आहे. आता ते दुसरीला शोधणार. गावात सगळ्याच पानी म्हणतात, पण गावात न राहणारी, या ओट्यावर वारंवार येऊन बसणारी, हातात कागद घेऊन फिरणारी एकच.

हे काकीलाही सुचलं असावं. कारण मी निघाले तेव्हा तीही निघाली, थांब्यापर्यंत, विळा हातातच. दुपारचा रस्ता रिकामा होता. आम्ही थांब्यावर उभ्या असताना मागून मोटरसायकल आली आणि आमच्यासमोर थांबली. दोघं होते. काकीने माझ्याकडे बघितलं नाही, यावरून मला कळलं की हेच ते.

"पावनी कोन, काकी?" पुढच्याने विचारलं.

"भावाची नात. मुंबईची," काकी म्हणाली. आणि मग, जणू उन्हाचंच बोलणं चाललंय अशा सुरात, मला म्हणाली, "पोरी, तोंड सुकला तुझा. पानी पितंस?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. काकीने ते मुद्दाम विचारलं होतं, हे मला एका क्षणात कळलं आणि त्या क्षणात मला जन्मभर बोललेला शब्द आठवेना. दोन दिवस मी तो विसरायला शिकत होते. जीभ दातांपाशी गेली होती. ती मी मागे ओढली, टाळूला लावली.

"नको," मी म्हणाले. "पाणी आहे माझ्याकडे."

ण असा टणक आला की शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिली असती. पुढच्याने मान वळवली, किक मारली, आणि ते गेले. मग बस आली. काकी खालीच उभी राहिली, विळा पदराआड धरून. गोखिवरे जाईपर्यंत मी पिशवी छातीशी धरून बसले होते. त्या पिशवीत न छापलेलं पत्रक होतं. पाण्याची बाटली नव्हतीच.